सरस्वती महालाचे नियतकालिक: दान की उत्सर्ग?

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९३९ च्या सुमारास स्वतःचे नियतकालिक सुरू केले. राजवाड्याच्या आवारातल्या या ग्रंथालयात सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत. त्यांतली ३९,००० च्या वर संस्कृत, तमिळ साडेतीन हजारांच्या आसपास, मराठी ३,००० हून थोडी अधिक आणि तेलुगू आठशेच्या वर. यांपैकी तोवर छापली न गेलेली हस्तलिखिते हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध करावीत, आणि एकाच अंकात चारही भाषांना जागा मिळावी, हा नियतकालिकाचा उद्देश होता. अंकाची विक्री फार होईल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. खर्च संस्थेने सोसायचा आणि मजकूर ज्याला हवा त्याने घ्यायचा, अशी ही व्यवस्था. महाविद्यालये, संशोधन मंडळे आणि ग्रंथालये यांच्या आश्रयाने चालणारी साहित्यिक नियतकालिके बहुतेक अशीच चालतात.

या व्यवस्थेच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे. संस्था नियतकालिकातून जे देते, ते नेमक्या कोणत्या अर्थाने ‘दिले’ जाते? देणाऱ्याचा त्यावर काही हक्क उरतो का? घेणारा कोण, हे देणाऱ्याने ठरवावे का? पैसा राजाचा, पोथी पंडिताच्या घरची, अक्षर लेखनिकाचे आणि संपादन पगारी विद्वानाचे, अशा वेळी पुण्य कोणाच्या खाती पडते हा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवला, तरी मालकीचा प्रश्न शिल्लक राहतोच. तंजावरात तो नुसता पुस्तकी राहिला नाही. तिथल्या ग्रंथसंग्रहाने दरबार, कंपनी सरकार, कोर्टकचेरी आणि सार्वजनिक विश्वस्त मंडळ असे सगळे मालक पाहिले आहेत.

मीमांसकांनी दानाची व्याख्या काटेकोर केली आहे. वस्तूवरचे आपले स्वत्व संपवायचे आणि दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करायचे, या दोन्ही गोष्टी झाल्या तर ते दान. नुसते टाकून देणे म्हणजे दान नव्हे, कारण तिथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न होत नाही. म्हणून दानाला घेणारा लागतो, आणि त्याने स्वीकार करावा लागतो. घेणारा पात्र हवा, ही अट त्यातूनच येते. धर्मशास्त्रातली दानप्रकरणे पात्र आणि अपात्र यांच्या चर्चेने भरलेली आहेत ती यामुळेच.

विहीर, तळे, देऊळ, अन्नछत्र आणि उपवन या कृत्यांना शास्त्र ‘पूर्त’ म्हणते. विहीर खणून झाली की कर्ता तिचा उत्सर्ग करतो, म्हणजे ती सर्व भूतांसाठी सोडतो. इथे घेणारा ठरलेला नसतो, त्यामुळे स्वीकाराचाही प्रश्न येत नाही. पाणी प्यायला येणारा कोण, कुठला, त्याची पात्रता काय, हे विचारायला विहिरीवर कोणी बसलेले नसते. शास्त्रकारांनी यावर एक बारीक शंका काढली: ज्याने विहीर सोडली त्याने स्वतः तिचे पाणी प्यावे की नाही? दिलेली वस्तू परत घेणे पाप आहे, मग हे त्यात मोडते का? निर्णय असा झाला की त्याने खुशाल प्यावे. मात्र मालक म्हणून नव्हे, येणाऱ्या अनेकांपैकी एक म्हणून. ही तोड वरवर पाहता किरकोळ वाटते, पण सार्वजनिक संस्थेचा सगळा धर्म तिच्यात सामावलेला आहे.

विद्या या दोहोंपैकी कशात बसते? गाय, भूमी आणि विद्या या तिघींच्या दानाला परंपरेने अतिदान मानले. पण मीमांसेची व्याख्या विद्येला लावायला गेले की अडचण येते. गुरूने शिष्याला व्याकरण शिकवले म्हणून गुरूचे व्याकरण कमी होत नाही. स्वत्व संपतच नाही, तर दान कसे झाले? अडचण सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे विद्येऐवजी पोथीकडे पाहणे. पोथी हाती धरता येते, ती दिली की देणाऱ्याच्या फडताळातली जागा रिकामी होते. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्यातल्या दानखंडात विद्यादानाचा विधी नंदिपुराणाच्या आधाराने सविस्तर येतो. लेखनिकाला आसन द्यायचे, साहित्य पुरवायचे, त्याच्याकडून ग्रंथ लिहून घ्यायचा, तो मूळ प्रतीशी ताडून शुद्ध करायचा, मग वाजतगाजत देवळात न्यायचा आणि तिथे लोकांसमोर वाचायचा. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. नकल, शोधन, मिरवणूक, वाचन. पोथी देवाला वाहिली जाते, पण तिचे शेवटचे ठिकाण म्हणजे ऐकणाऱ्यांचे कान. म्हणजे हेमाद्रीच्या विधीतले ग्रंथदान सुरू होते दानासारखे आणि संपते उत्सर्गासारखे.

प्रत्यक्ष हस्तलिखितांचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. पोथीच्या शेवटी लेखनिक जे परंपरागत श्लोक लिहितो, त्यांत तो आपली वाकलेली पाठ आणि आखडलेली मान दाखवतो आणि मागणे मागतो: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. हे शेवटचे मागणे निव्वळ गर्वाचे नाही. एकच प्रत असते, ती लिहायला महिने लागलेले असतात, आणि वाचणाऱ्याने ओल्या बोटाने पान उलटले तरी शाई फुटते. वस्तू नाजूक असली की घेणाऱ्याची पारख करावीच लागते. ग्रंथ कोणाला वाचू द्यावा या अधिकारवादाला जातीची आणि पंथाची कुंपणे पुढे घातली गेली हे खरे, आणि त्यांचे समर्थन करता येणार नाही. पण पोथीच्या बाबतीत त्या वादाचे एक मूळ भौतिकही होते. ते नीट ओळखले तर छापलेल्या नियतकालिकाने काय बदलले, हे कळते. छापलेला अंक कोणाच्या हाती पडेल हे संपादकाला ठरवता येत नाही, आणि एक प्रत फाटली तर दुसरी असते. लेखनिकाच्या मागण्यातला भीतीचा आधारच छपाईने काढून घेतला.

तंजावरचा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हा नायकांचे सरस्वती भांडार त्यांच्याकडे आले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. ते स्वतः मराठी आणि तेलुगूत नाटके लिहीत, आणि त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकातली पात्रे पाच भाषांत बोलतात. १६९३ मध्ये त्यांनी कावेरीकाठचे तिरुविशनल्लूर हे गाव पंचेचाळीसच्या आसपास विद्वानांना अग्रहार म्हणून, म्हणजे वस्तीसाठी इनाम म्हणून, दिले. ते शास्त्राला धरून केलेले दान होते. घेणारे ठरलेले, त्यांची पात्रता राजाने पारखलेली, आणि गावाचे नावही शहाजीराजपुरम असे राजाचेच. तिथे लिहिलेले ग्रंथ पुष्कळ, पण वाचणारे बरेचसे अग्रहाराच्या आतले किंवा त्यांच्या शिष्यांतले.

त्याच सुमारास रामदासी मठ तंजावर भागात रुजले. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरात, आणि परंपरेतल्या मेरुस्वामींचे नाव मन्नारगुडीशी जोडलेले. मेरुस्वामींनी ‘रामसोहळा’ रचला. मठांत ग्रंथदान वेगळ्या वाटेने चालले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि अध्यात्माच्या ग्रंथात अक्षराच्या वळणाला इतका मान क्वचितच मिळाला असेल. पहिले अक्षर जसे तसेच शेवटचे हवे, ओळी सारख्या हव्यात, कडेला जागा सोडायची म्हणजे पान झिजले तरी अक्षर वाचेल, तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही म्हणून अक्षर मध्यम काढावे, असा त्याचा आशय. इथे लेखनिक वाचणाऱ्याची पात्रता तपासत नाही, त्याच्या डोळ्यांची सोय पाहतो. आपल्याला उमगलेले हळूहळू इतरांना शिकवावे, हा समर्थांचा आग्रह आणि हा समास यांचा सांधा जवळचा आहे. मठातली नकल ही व्यक्तीला दिलेली भेट कमी आणि वाटसरूंसाठी ठेवलेली पाणपोई जास्त होती.

दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांचा जन्म १७७७ चा, आणि त्यांच्या शिक्षणात जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचा मोठा वाटा. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला आणि नेमणूक उरली. राज्य गेलेल्या राजाने ग्रंथ जमवले, ही गोष्ट अनेकदा विरंगुळा म्हणून सांगितली जाते. ते पटण्यासारखे नाही. विरंगुळ्यासाठी जमवणारा माणूस पंडितांना पगार देऊन नकला करवत नाही, नेत्ररुग्णांची टाचणे डोळ्यांच्या चित्रांसह जपत नाही आणि मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ ही नाटिका लिहून तिच्यात जगाचा भूगोल घालत नाही. १८२० मध्ये ते काशीयात्रेला निघाले, तेव्हा तिथूनही पोथ्या आणल्या. संग्रहातल्या काही पोथ्या काशीच्या कवींद्राचार्य सरस्वतींच्या भांडारातल्या. कवींद्राचार्य मूळचे गोदावरीकाठचे. त्यांचे भांडार सतराव्या शतकात काशीत नावाजलेले होते, आणि पुढे फुटून ठिकठिकाणी गेले. एका मालकाची खूण असलेली पोथी दुसऱ्याच्या फडताळात पाहिली की दान, विक्री आणि पांगापांग यांतले अंतर किती पातळ आहे ते दिसते.

१८०५ मध्ये सरफोजींनी ‘नवविद्या कलानिधि वर्णयंत्रशाळा’ काढली. तिथे देवनागरी खिळ्यांनी इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये छापले गेले. त्याच सुमारास बंगालातल्या श्रीरामपूरला मिशनरी कॅरीच्या छापखान्यातून मराठी छपाई सुरू होत होती. म्हणजे मराठी पुस्तक पुणे-मुंबईत छापले जाण्याआधी बंगालात आणि कावेरीकाठी छापले गेले. त्याआधी, १८०३ मध्ये, याच राजाने तंजावरच्या मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, प्राकाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता. लेख इतका लांब की तो वाचायला भिंतीच्या कडेकडेने चालत जावे लागते. आणि हा प्राकार तमिळ यात्रेकरूंचा. आपला इतिहास आपल्या लिपीत सर्वांच्या वाटेवर कोरून ठेवायचा, ही प्रसिद्धी तर झाली, पण तिच्यात देणारा आणि विषय एकच आहेत. छापखाना आणि भिंत या दोन्ही गोष्टी तीन वर्षांच्या आत एकाच माणसाने केल्या, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. कीर्ती आणि उत्सर्ग या दोन्ही इच्छा एका मनात राहतात.

उत्सर्गाचे सगळ्यांत स्वच्छ रूप मात्र त्यांच्या छत्रांत, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळांत, दिसते. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रे बांधली, त्यांतली कित्येक राजस्त्रियांच्या नावाने. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी एक. १८०१ मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांचा कारभार सांगितला आहे. ब्राह्मणापासून पारियापर्यंत सगळ्या वाटसरूंना तिथे अन्न मिळे. वेद शिकवणारे, पंतोजी आणि वैद्य नेमलेले असत. वाटेत आजारी पडलेल्यांची आणि बाळंतिणींची व्यवस्था होई. मध्यरात्री घंटा वाजवून, उशिरा पोचून उपाशी राहिलेला कोणी असेल तर त्याला बोलावले जाई. घंटा वाजवणाऱ्याला अंधारात कोण आहे हे ठाऊक नसते. पात्र ठरवून दिलेल्या दानात असे कधी होत नाही.

याच छत्रांत शाळा होत्या, आणि छत्रांचे उत्पन्न पुढे शिक्षणाकडे वळले ते यामुळे. तिरुवैयारूचे राजाज कॉलेज १८८१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून छत्रनिधीतून सुरू झाले. १९२० च्या दशकात जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम यांच्या पुढाकाराने तिथे तमिळचे शिक्षण आले. त्यांचे म्हणणे असे की राजाने निधी ठेवला तो विद्येसाठी, एका भाषेसाठी नाही. इथे दानशास्त्राचा प्रश्न जिवंत झाला. दात्याचा हेतू कोणी वाचायचा? दात्याच्या काळी विद्या म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संस्कृत येई, हे खरे. पण छत्राचा धर्म उत्सर्गाचा असेल, तर घेणारा ठरवण्याचा अधिकार दात्याने केव्हाच सोडलेला असतो, मग त्याच्या नावाने इतरांनी तो वापरणे अयोग्य. पन्नीरसेल्वम यांचा युक्तिवाद राजकीय होता, आणि शास्त्राच्या कसोटीवरही तो उतरतो.

ग्रंथसंग्रहाची मालकी कायद्याच्या कचेरीत पोचली ती त्याआधी. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने संस्थान खालसा केले आणि राजवाड्यातली मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. १८५९ मध्ये तिथे निर्णय झाला की जप्ती ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला तिच्यात हात घालता येत नाही. निर्णयात अन्यायाची जाणीव आहे, उपाय मात्र नाही. पुढे १८६२ मध्ये सरकारने आपण होऊन मालमत्ता राण्यांकडे परत केली. या सात वर्षांत पोथ्या राजाच्या खाजगी चीजवस्तूंच्या यादीत होत्या, दागिन्यांच्या आणि हत्यारांच्या शेजारी. आधीच कोणी त्यांचा विधिपूर्वक उत्सर्ग केला असता तर त्या जप्त करता आल्या असत्या का, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. वाड्याच्या भिंतीआड, मालकाच्या कुलपात होत्या म्हणूनच त्या शंभर वर्षांनंतरही एकत्र राहिल्या. कवींद्राचार्यांच्या भांडारासारखी त्यांची पांगापांग झाली नाही. राखणे आणि सोडणे या दोन धर्मांचा झगडा ग्रंथालयात कधीच पुरता मिटत नाही.

जिल्हा न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये छापली, आणि जगाला या संग्रहाचा पत्ता लागला. सूची म्हणजे विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरची पाटी. पाणी अजून कुलपातच होते. १९१८ मध्ये राजघराण्याच्या वारसांच्या संमतीने आणि देणगीने ग्रंथालय धर्मादाय निधी म्हणून लोकांसाठी खुले झाले. मग एक गोष्ट घडली, जिच्याकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेले नाही. तंजावरच्या जुन्या विद्वान घराण्यांनी आपले खाजगी संग्रह आणून दिले. जंबूनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत या मराठी नावांच्या संग्रहांची तिथे भर पडली. राजाच्या कुलपात पोथी ठेवायला जे धजले नव्हते, त्यांनी ती सार्वजनिक कपाटात ठेवली. १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांच्या संपादनाखाली संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची निघू लागली, ती एकोणीस खंडांची झाली.

नियतकालिक आले ते या सूच्यांच्या पाठोपाठ. त्याच्या कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. एखादी पोथी निवडायची, दुसरी प्रत कुठे असल्यास मिळवायची, पाठभेद नोंदवायचे आणि मजकूर थोडाथोडा करून प्रत्येक अंकात द्यायचा. अशा नियतकालिकांत चालू ग्रंथाला पृष्ठांक स्वतंत्र देतात. वर्षा-दोन वर्षांत हप्ते पुरे झाले की वर्गणीदार ती पाने सोडवून वेगळी बांधून घेतो, आणि त्याच्या घरी पुस्तक तयार होते. काशीच्या संस्कृत महाविद्यालयाने १८६६ मध्ये ‘पंडित’ मासिक सुरू केले होते, तेही याच पद्धतीचे. पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने जुनी मराठी काव्ये आणि बखरी अशाच हप्त्यांनी वाचकांपर्यंत पोचवल्या. हप्त्यांनी छापणे ही काटकसर होती, पण तिच्यात हेमाद्रीच्या विधीतला शोधनाचा टप्पाही लपलेला आहे. पहिल्या हप्त्यातली चूक दूरच्या गावचा वाचक कळवतो, आणि पुढच्या अंकात ती सुधारली जाते. घेणारा इथे नुसता घेणारा राहत नाही, तोही ग्रंथ शुद्ध करायला हात लावतो. एकाच पोथीवरून काढलेल्या आवृत्तीला या हाताची फार गरज असते.

संस्थेच्या नियतकालिकावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला कीर्तीचा. मनुस्मृती म्हणते की बोभाटा केल्याने दान झिजते. मग ग्रंथालयाच्या नावात आणि अंकाच्या मुखपृष्ठावर सरफोजी महाराजांचे नाव कशाला? याचे उत्तर पूर्तविधीतच आहे. विहिरीला, देवळाला, छत्राला कर्त्याचे नाव देण्याची चाल जुनीच, कारण नाव हा वाटसरूला सांगायचा पत्ता असतो. नाव मालकी सांगू लागले तर दोष. सरफोजींनी आपल्या छापील इंग्रजी पुस्तकांवर सही केली, तेव्हा ती मालकाची सही होती. आज तीच सही पुस्तक कोणत्या संग्रहातले आहे ते सांगते, आणि तिच्यावर कोणाचा हक्क चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: जो पैसा देतो तो निवड करतो. कोणत्या पोथ्या आधी छापायच्या, कोणत्या भाषेला किती पाने, हे संस्था ठरवते, आणि न निवडलेले अंधारातच राहते. यातून सुटका नाही. चार भाषांच्या नियतकालिकात मराठीचा वाटा मोजायला बसले तर संख्येच्या हिशेबाने तो थोडा येणार. संस्कृत हस्तलिखितेच मराठीच्या तेरापट. पण ज्याला उत्सर्ग करायचा आहे त्याने निवड करताना घेणाऱ्यांची गर्दी पाहावी की वस्तूची दुर्मिळता? शास्त्राने पाणी दुर्मिळ असलेल्या ठिकाणच्या विहिरीला अधिक पुण्य सांगितले, हा संकेत संपादकाला पुरेसा आहे. तंजावरची मराठी नाटके विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’हून दीडशे वर्षे जुनी आहेत, आणि त्यांची हस्तलिखिते दुसरीकडे क्वचितच मिळतात.

तंजावरातच या प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले गेले. शहराच्या करंदै भागात १९११ मध्ये करंदै तमिळ संघम स्थापन झाला. वकील उमामहेश्वरनार हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९२५ मध्ये संघमाने ‘तमिळ पोळिल’ हे मासिक सुरू केले, आणि पुढे तमिळ विद्वान घडवणारे महाविद्यालयही काढले. पोळिल म्हणजे उपवन, आणि उपवन लावणे हे पूर्तकर्मच. संघमाचा आग्रह शुद्ध तमिळचा. सरस्वती महालाच्या अंकात चार भाषा शेजारी शेजारी बसत, तर ‘पोळिल’मध्ये एकच भाषा आपल्या बळावर उभी राहावी अशी धडपड होती. मराठी वाचकाला पहिला मार्ग जवळचा वाटेल, कारण त्यात त्याची भाषा आहे. पण दुसऱ्याचा न्याय समजून घेतला पाहिजे. दोनशे वर्षे दरबाराची भाषा मराठी आणि तेलुगू, शास्त्राची संस्कृत, आणि बाहेर शेतात राबणाऱ्यांची तमिळ. दात्याची भाषा बोलता येणाऱ्यालाच दान पोचत असेल, तर ते उत्सर्ग होत नाही. संघमाने दात्याची वाट न पाहता लोकांच्या भाषेत उपवन लावले. पन्नीरसेल्वम आणि उमामहेश्वरनार यांनी तिरुवैयारूच्या कॉलेजसाठी एकत्र खटपट केली, यामागे हेच सूत्र होते.

भाषेचा हाच प्रश्न राजांच्या कागदपत्रांत उलट बाजूने येतो. तंजावर संस्थानचे दप्तर मोडी लिपीत आहे. मोडी लिपीचा प्रसार परंपरेने हेमाद्रीच्याच नावावर घातलेला, म्हणजे ग्रंथदानाचा विधी सांगणारा आणि या दप्तराची लिपी रुळवणारा एकच, असे मानले जाते. दक्षिणी मराठी बोलणारी घरे तंजावर, कुंभकोणम, चेन्नईत आजही आहेत, पण त्यांतल्या फार थोड्यांना मोडी वाचता येते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांची तमिळ भाषांतरे करवून घेतली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी ती खंडांनी छापली. छत्रांत किती तांदूळ शिजला, वैद्याला काय पगार होता, कोणत्या लेखनिकाला नकलेचे काय मिळाले, असल्या नोंदी त्या दप्तरात आहेत. तंजावरच्या मराठ्यांचा रोजचा कारभार अभ्यासू पाहणारा पुण्याचा किंवा मुंबईचा विद्यार्थी मोडी शिकलेला नसेल, तर त्याला आधी तमिळ शिकावी लागते. आपल्याच पूर्वजांनी लिहिलेल्या नोंदी तो तमिळ खंडांतून वाचतो, तिथे येणाऱ्या इतर वाचकांच्या रांगेत बसून.